कचराबाईचं पुस्तक

नोकरीत असताना माझ्या खांद्याला मांजरपाटाची एक मोठी पिशवी असे. तिच्यात चित्रपुस्तकं, सतरंजीचा तुकडा, कात्री, डिंकाची बाटली, रंगीत खडूंचा डबा, जुनी कॅलेंडरं आणि हात पुसायला फडकं. कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात हे ठरलेलं होतं, कारण एसटी फाट्यावर सोडून जायची, आणि पुढे गावापर्यंत चालत गेल्यावर काही विसरलं म्हणून परत फिरायची सोय नव्हती. निघण्याआधी मी यादीवर खुणा करत असे. अजूनही करते, भाजीला जातानासुद्धा. घरचे हसतात.

पिशवी बघून वाहक विचारत, "मॅडम, साड्या हायेत का?"

"पुस्तकं आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी."

"त्याहिले वाचता येते?"

"नाही."

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर देण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली.

ही हकीकत कापसाच्या वाईट वर्षांतली आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात येई. कशासाठी, ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. गावात पांढऱ्या गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कोणीतरी कागद घेऊन ओसरीवर बसायचं. लहान मुलांनी त्याचा खेळ केला होता. एक जण साहेब व्हायचा, एक जण कॅमेरावाला, आणि उरलेले भिंतीला टेकून गप्प बसायचे. गप्प बसण्यासाठी भांडणं व्हायची, कारण फोटो त्यांचाच निघायचा. मी पिशवी घेऊन गावात शिरले की एखादी बाई हमखास विचारी, "पॅकेज आलं का व बाई?" पुस्तकं आहेत म्हटल्यावर ती निराश होई, पण घरात बोलावून पाणी देई.

मोठ्यांशी बोलायला आमच्या संस्थेनं समुपदेशक नेमले होते. मुलांचं काय करायचं हे कोणाला सुचेना, तेव्हा अंगणवाड्यांत चित्रपुस्तकं वाचायचं काम निघालं आणि राळेगाव तालुक्यातली काही गावं माझ्याकडे आली. वरून आलेल्या कागदावर विषय लिहिला होता, 'आत्मस्वीकार'.

तो कागद मी पहिल्यांदा पंचशीलाताईंना दाखवला. त्या फाट्यापासून आतल्या एका गावच्या अंगणवाडी सेविका. उंच, आवाज खणखणीत, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी कागद वाचला, उलटून मागची बाजू बघितली.

"आत्मस्वीकार म्हंजे काय व मॅडम? नवं रजिस्टर ठेवा लागते का?"

"नाही हो. मुलाला आपण जसे आहोत त्याची लाज वाटू नये, एवढंच."

"मंग असंच लिवाव ना बाप्पा."

बाहेरच्यांना हे काम म्हणजे गोष्ट सांगणं वाटतं. गोष्ट कोणीही सांगतं. चित्रपुस्तक वाचताना आपण जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि पुस्तकाचं तोंड मुलांकडे करायचं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. म्हणजे मजकूर आपल्याला पाठ पाहिजे. पान उलटायची घाई करायची नाही. मुलं चित्राच्या कोपऱ्यातलं कुत्रं बघत असतात, त्यांना ते कुत्रं पुरतं बघू द्यायचं. शेवटी 'यातून काय शिकलात' असं कधी विचारायचं नाही. तसं विचारलं की मुलं जमिनीकडे बघू लागतात, आणि पुढच्या खेपेला पुस्तकाकडेही बघत नाहीत. पुस्तक जमलं की नाही हे एका गोष्टीवरून कळतं. शेवटचं पान मिटल्यावर मूल म्हणतं, "अजून एक डाव." तसं कोणी म्हणालं नाही, तर त्या पुस्तकाला कितीही बक्षिसं मिळालेली असोत, मी ते पिशवीच्या तळाशी टाकत असे.

पंचशीलाताई सुरुवातीला पुस्तकं लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवत. "फाटले तं वरून मलेच इचारतीन." फाटलं तर जबाबदारी माझी, असं मी त्यांना लिहून दिलं. मग पुस्तकं घरोघर जाऊ लागली आणि हळदीचे, तेलाचे डाग घेऊन परत येऊ लागली. फाटलेली पानं मी डिंकानं चिकटवत असे. फाट्यावर रहीमचाचांचं सायकलीचं दुकान होतं. एकदा एसटीची वाट बघत तिथे बसून मी डिंक लावत होते, ते चाचांनी बघितलं.

"गोंद से क्या होता मॅडम? बारिश में छूट जाता. इधर लाव."

त्यांनी पंक्चरचं सोल्युशन लावून पान चिकटवलं आणि ट्यूबची पट्टी कापून पुस्तकाच्या पाठीला बसवली. तेव्हापासून आमच्या पुस्तकांना रबराचा वास येऊ लागला. मुलांना तो फार आवडे. काही मुलं चित्र बघण्याआधी वास घेत.

आता ज्या मुलीसाठी हे लिहायला बसले ती. गावाचं नाव मी देत नाही, कारण मुलीचं नाव देणार आहे. तिचं नाव कचराबाई.

पाच वर्षांची, किडकिडीत, घट्ट घातलेल्या दोन वेण्या. आई सिंधू कापूस वेचायला जायची, वडील जिनिंगमध्ये हमाल. घरी आजी, गिरजाबाई. पोरगी पंचशीलाताईंच्या अंगणवाडीत नेमानं यायची, पण बसायची चपला काढतात तिथे, दाराशी. पुस्तक उघडलं की मात्र मान लांब करून एक चित्र सोडायची नाही. येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती.

त्या मोसमात माझ्या पिशवीत एका खारीचं पुस्तक होतं. खारीच्या पाठीवर पट्टे नसतात, बाकीच्या खारी तिला हसतात, ती कोळशानं पट्टे ओढून बघते, आणि शेवटी ती आहे तशी सगळ्यांना आवडते. अशा पुस्तकांत शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. खऱ्या अंगणवाडीत तसं घडताना मी क्वचित बघितलं आहे. पण या पुस्तकाची एक गंमत होती. शेवटच्या पानावर आरशासारखा चकचकीत कागद चिकटवलेला होता. गोष्ट संपली की एकेका मुलानं पुस्तक मांडीवर घ्यायचं, त्यात आपलं तोंड बघायचं आणि आपलं नाव सांगायचं.

मुलं त्यावर तुटून पडली. "मी राहुल. मी असा हाय," म्हणत राहुलनं जीभ काढली. मग सगळ्यांनीच जिभा काढल्या. कचराबाईची पाळी आली तेव्हा ती दारापासून उठून आली, पुस्तक मांडीवर घेऊन बसली आणि बघत राहिली. इतका वेळ की मुलं चुळबुळ करू लागली.

"नाव सांग ना व," कोणीतरी म्हणालं.

तिनं बोटानं तो चकचकीत कागद पुसला.

"कचरा!" मागून आवाज आला. "झाडू आणा रे!"

सगळी हसली. पंचशीलाताईंनी दरडावलं, पण हसायचं ते हसून झालं होतं. पोरीनं पुस्तक मिटलं, पानं नीट जुळवली, इतर पुस्तकांवर बरोबर मांडून ठेवलं आणि चपला हातात घेऊन निघून गेली. आपटून गेली असती तर मला बरं वाटलं असतं.

मुलं गेल्यावर पंचशीलाताई खिचडीचं पातेलं घासत होत्या. घासता घासताच म्हणाल्या, "तुमचं पुस्तक काही बी म्हणो मॅडम. पोरीनं कोणत्या तोंडानं म्हणाव का मी कचरा?"

मी म्हटलं, "नाव आईबापांनी ठेवलंय."

"ठेवलं अशीन." पातेलं खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "माह्या आज्याचं नाव धोंड्या होतं. आत्याचं दगडी. गावानं त्याहिले दुसरं नाव ठेवूच देल्लं नाई. आज्या दीक्षा घेऊन आला आन पहिलं काम काय केलं मालूम हाय? घरातल्या सगळ्याहिचे नावं बदलले. दगडीची सुजाता झाली. आज्या सांगे, त्या दिवशी पहिल्यांदा कोणी हाक मारली तं ओ द्याची लाज नाई वाटली. अन तुमी मले आत्मस्वीकार शिकवता."

त्यांच्या बोलण्यात मला काही खोट दिसली नाही. शिवाय एक व्यवहाराची बाजू होती. या पोरीच्या जन्माच्या नोंदीत नावाची जागा रिकामी होती. जूनमध्ये शाळेत गुरुजी विचारतील आणि जे सांगितलं जाईल तेच दाखल्यावर कायमचं लागेल. बदलायचं तर हीच वेळ होती. आम्ही दोघींनी मिळून नाव काढलं, किरण. सिंधूला विचारायचं पंचशीलाताईंनी अंगावर घेतलं.

पुढच्या खेपेला गेले तर पोरगी पहिल्या ओळीत बसलेली. पंचशीलाताईंनी मधल्या दिवसांत गूळ-शेंगदाणे वाटून, खारीचं पुस्तक तिच्या मांडीवर देऊन, सगळ्यांसमोर तिच्याकडून म्हणून घेतलं होतं, "मी किरण." मला बघताच तिनं ते पुन्हा म्हणून दाखवलं. धावत बाहेर गेली, धावत आत आली. एवढी धावताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"सिंधूला विचारलं ना?" मी ताईंना विचारलं.

"इचारलं. थे म्हणे, ताई, तुमाले बरोबर वाटते थे करा. मले वेचणीले उशीर होऊन राह्यला."

आजीला कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या खेपेला अंगणवाडीच्या पायरीवर पुस्तकं ठेवलेली दिसली. घरोघर वाचायला दिलेली सगळी. कोणी लुगड्याच्या चिंधीत बांधली होती, कोणी नुसतीच. बहुतेकांनी पुसून ठेवली होती. आत एकही मूल नव्हतं. पंचशीलाताई रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

झालं होतं ते असं. नाव बदलल्याला आठवडा होतो न होतो तोच पोरगी तापानं फणफणली. झटके आले. पंचशीलाताईंनीच जीप मिळवली आणि सिंधूला आणि पोरीला घेऊन यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. मलेरिया डोक्यात गेला, वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले. पोरगी वाचली. आदल्या दिवशीच घरी आणली होती. पण मधल्या दिवसांत गिरजाआजी भर दुपारी अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली होती. सगळ्या बायांसमोर तिनं एवढंच विचारलं होतं, "माह्या नातीचं नाव कोणं काढलं?"

दुसऱ्या दिवसापासून मुलं बंद झाली आणि पुस्तकं पायरीवर येऊ लागली.

"मॅडम, मच्छरानं ताप येते का नावानं?" पंचशीलाताईंनी मला विचारलं.

"मच्छरानं."

"मले मालूम हाय. पण रात्री झोप नाई लागत."

मी म्हटलं, चला, आजीकडे जाऊ. त्या म्हणाल्या, शिव्या खायची ताकद नाही. मी म्हटलं, दोघींत वाटून घेऊ.

आजीनं शिव्या दिल्या नाहीत. चुलीपाशी बसली होती, उठून आम्हाला पाण्याचा तांब्या दिला आणि पुन्हा बसली. पोरगी कोपऱ्यात बाजेवर वाकळ पांघरून पडली होती, डोळे मिटलेले. चेहरा एवढासा झाला होता.

"आजी, मी वाईट कराले नाई केलं," पंचशीलाताई म्हणाल्या.

"मले मालूम हाय. वाईट कराचं असतं तं तिले जीपमंदी घालून कायले नेलं असतं?"

"मंग असं चारचौघात..."

"मंग काय करू? तुमी चारचौघात नाव काढलं, मी चारचौघात इचारलं." आजीनं चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. "हिच्या पहिले दोन झाले. दोघं बी पोट्टे. एकानं सव्वा महिना नाई पाह्यला. दुसरा बोलाले लागलता, मले 'आई' म्हणे. थो बी गेला. सिंधूनं मंग बोलणंच सोडलं. हे पोटात होती तवाच मी ठरवलं, हे अशी नाई जाऊ द्याची."

आणि तिनं सांगितलं. मी तिचे शब्द आठवतील तसे लिहिते.

"ज्या दिवशी जलमली त्याच दिवशी तिले सुपात घातलं. जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरला. आन मांगच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. घरात आली, दार लावलं. सिंधू रडे. मी म्हणलं, रडू नोको. आपलं काई हरवलं नाई, आपल्या घरात काई जलमलंच नाई. जो नेणारा हाय ना बाई, थो आमच्या घराकडे डोया लावून बसला होता. त्याले दिसलं पाह्यजे का इथं पोर नाई, इथं कचरा हाय. मंग खाला आली."

खाला म्हणजे रहीमचाचांच्या घरच्या, जैबुनबी. त्यांना आजीनं आधी सांगून ठेवलं होतं.

"थे मोठ्यानं वरडली, 'किसका बच्चा है ये? है क्या कोई इसका?' कोणी बोललं नाई. तिनं तीनदा इचारलं. मंग उचललं आन माह्या दाराशी आणलं. 'गिरजाबाई, उकंडे पे मिली. लेती क्या?' मी सूपभर ज्वारी देल्ली आन घेतली. तवापासून थे जलमलेली नाई, सापडलेली हाय. म्हणून नाव कचरा. थे नाव म्हंजे तिच्या अंगावरचं पांघरूण होतं. तुमी थंडीच्या दिवसांत काढून घेतलं."

चुलीत लाकूड तडतडत होतं. पंचशीलाताई खाली बघत होत्या. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, बारीक, तापानं बसलेला.

"मंग मी उकंड्यावर होती?"

पोरगी कोपरावर उठून बघत होती. ही गोष्ट तिला कधी कोणी सांगितली नव्हती.

"होती," आजी म्हणाली.

"एकटी?"

"एकटी कायची? मी दाराच्या फटीतून पाहून राह्यलती. तिकून खाला बाभळीच्या मांगं उभी होती. कुत्रं जरी आलं असतं तं दोघी धावलो असतो."

"कुत्रं आलं?"

"आलं नाई. दूरूनच गेलं."

"मंग खाला काय म्हणे?"

"सांगतलं ना, 'किसका बच्चा है.'"

पोरीनं विचार केला. मग ती मागे टेकली, वाकळ हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाली, "अजून एक डाव सांग."

आजीनं पुन्हा सांगितलं. ती संपताच पोरगी पुन्हा म्हणाली, अजून एक डाव. तिसऱ्या खेपेला आजी खालाचं बोलणं एकदाच सांगून पुढे जाऊ लागली, तर पोरीनं अडवलं. "तीनदा म्हणे ना."

मी पंचशीलाताईंकडे बघितलं. गेली काही वर्षं मी पिशवीतून पुस्तकं काढून मुलांसमोर धरत होते आणि हेच तीन शब्द कानावर पडायची वाट बघत होते. ताईंच्याही ते ध्यानात आलं होतं. त्या आजीला म्हणाल्या, "मले हे मालूम नव्हतं."

"इचारलं असतं तं सांगतलं असतं," आजी म्हणाली.

पोरगी हिंडू-फिरू लागली तेव्हा आम्ही पुस्तक केलं. आजीची परवानगी घेऊन. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी कापल्या. पंचशीलाताईंनी दारोदार जाऊन मुलं परत मागून आणली. त्या प्रत्येक घरात काय बोलल्या मला माहीत नाही; मी विचारलं तर म्हणाल्या, "आजीले घेऊन गेलती संग." चित्रं मुलांनी काढली. उकिरड्यावर काय काय असतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. राख, चिंध्या, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे तुकडे, एक तंगडी वर केलेली कोंबडी. पोरीचा एकच हट्ट होता, कुत्रं पाहिजे आणि ते दूर पाहिजे. खालांना त्यांचं चित्र दाखवलं तर त्या बराच वेळ निरखून म्हणाल्या, "मेरी नाक इत्ती बडी है क्या?" चाचा म्हणाले, "छोटी बनाई बच्चों ने." ट्यूबची पट्टी लावून पुस्तक त्यांनीच बांधलं.

अक्षरं पंचशीलाताईंनी लिहिली. त्यांचं अक्षर टपोरं. पहिल्या पानावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्या थांबल्या.

"मी लिवतो मॅडम. पण मले पटलं म्हणून नाई. पोरीची गोष्ट हाय म्हणून."

पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी आजी दारात येऊन बसली, पोरगी पूर्वी बसायची त्याच जागी. पोरगी माझ्या शेजारी. मी पानं धरली, ताईंनी वाचलं. आजीच्या दाराची फट आणि बाभळीमागची खाला एकाच पानावर होती, मधे ती सुपातली पोर. मुलांनी ते पान मला उलटू दिलं नाही. शेवटचं पान मिटल्यावर ज्या पोरानं झाडू मागितला होता तोच आधी म्हणाला, "अजून एक डाव."

पुढचे बरेच दिवस त्या गावातल्या पोरांचा खेळ बदलला. कोणी आजी व्हायचं, कोणी खाला, कोणी कुत्रं. आणि सुपात कोण बसणार यावरून मारामारी. "मी कचरा!" "कालच्यान तूच होता, आज मी कचरा!" न्याय करायला कचराबाई उभी असे, कमरेवर हात ठेवून, थेट पंचशीलाताईंसारखी. साहेब आणि कॅमेऱ्याचा खेळ मी नंतर पुन्हाही पाहिला. गाड्या काही थांबल्या नव्हत्या.

जूनमध्ये शाळेत नाव घालायला आम्ही सगळ्याच गेलो. वाटेत आजी अचानक म्हणाली, "पंचशीला, तुले थे किरण लिवाचं असन तं लिव. सहावं लागलं आता. थो इसरला अशीन."

माझ्यासमोर त्या म्हातारीनं केलेली ती सर्वांत मोठी गोष्ट असेल. रात्रंदिवस राखलेली भीती तिनं आपण होऊन खाली ठेवली होती.

गुरुजींनी विचारलं, "बाळ, नाव काय?"

तिनं आजीकडे बघितलं, मग ताईंकडे.

"कचरा," ती म्हणाली. "कचराबाई लिवा. मी सापडलेली हावो."

गुरुजींचा पेन थांबला. त्यांनी आमच्याकडे बघितलं. पंचशीलाताई म्हणाल्या, "थे सांगते तसंच लिवा, सर."

परत येताना मात्र फाट्यापर्यंत त्या माझ्याशी भांडत आल्या. इथे ठीक आहे, इथे सगळ्यांना गोष्ट माहीत आहे, उद्या ही मोठ्या शाळेत जाईल, तिथे कोणाला पुस्तक दाखवत फिरणार? त्यांचं बरोबर होतं. यवतमाळच्या वसतिगृहात पोरीला फार सोसावं लागलं, हे मला पुढे कळलं. एक शिक्षक हजेरीला मुद्दाम तिचं नाव दोनदा घेत. आम्ही तिला जे दिलं ते गावाच्या वेशीपर्यंत पुरणारं होतं. त्यापुढचं तिनं स्वतः केलं.

ते पुस्तक आमच्या मुख्य कार्यालयाला छापायचं होतं. चित्रं सगळ्यांना आवडली. फक्त मुलीचं नाव बदला म्हणाले, काहीतरी सकारात्मक ठेवा. मी पंचशीलाताईंना विचारलं. मला वाटलं, त्या आनंदानं हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "मंग त्याहिले म्हणा, स्वतःची गोष्ट आणा." पुस्तक छापलं गेलं नाही. एकच प्रत होती. ती वाचून वाचून फाटली, चाचांनी चिकटवली, पुन्हा फाटली. चाचा गेल्यावर चिकटवायला कोणी राहिलं नाही.

निवृत्तीच्या आधी माझी शेवटची फेरी झरी जामणीकडे होती. जंगलातल्या एका गावच्या उपकेंद्रात नवी नर्सबाई आली आहे, अंगणवाडीच्या मुलांसाठी तिची मदत होईल, असं कळलं म्हणून गेले. दारात उभी राहिले तर आतून हाक आली, "मॅडम, अजून थेच पिशवी?"

मी तिला ओळखलं नाही. तिनं मला पिशवीवरून ओळखलं. दोन वेण्यांचा आता एक अंबाडा झाला होता. आजी गेली होती. पंचशीलाताई फोन करतात आणि अजून भांडतात, म्हणाली. मी विचारलं, तुझी हकीकत कधी लिहिली तर नाव बदलू का? ती हसली. "बदलाचं काय अवघड होतं? एक अर्ज. छापा तुमी. ताईले एक अंक पाठवा मातर, वाचून तणतणतीन."

मी बाहेरच्या बाकावर टेकले. आत एक कोलाम आदिवासी बाई तपासायला आली होती, दिवस भरत आलेले. गावच्या आशा कार्यकर्तीनं मला हळूच सांगितलं, ही कधी आत पाऊल टाकत नाही, आज जबरदस्तीनं आणली आहे. बाई खुर्चीच्या कडेला बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून, नजर दाराकडे. रक्तदाब घ्यायला हात मागितला तर तिनं दिला नाही.

कचराबाईनं घाई केली नाही. ती समोर नुसती बसून राहिली.

बऱ्याच वेळानं त्या बाईनं विचारलं, "तुमचं नाव काय?"

"कचराबाई."

बाईनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"तुमच्या पहिले किती गेलते?"

"दोन."

बाई म्हणाली, "माहे बी."

आणि तिनं पदरातून हात काढून पुढे केला.